बिनआंघोळीचा जान्या

हिंमतराव गुरुजींचा देवावर जेवढा विश्वास होता तेवढाच पहाटेच्या आंघोळीवर होता. माणूस बिघडतो आळसानं आणि आळस मरतो गार पाण्यानं, असं त्यांचं साधं गणित. ब्राह्मणपुरीच्या गुजर घरात वाढलेला माणूस. बाप केळीच्या बागेला पाणी सोडायला जायच्या आधी विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेई आणि मगच तोंड उघडी. ते बघतच गुरुजी मोठे झाले. म्हणून नंदुरबारच्या रिमांड होममध्ये पोरांना सदाचार शिकवायला त्यांची नेमणूक झाली तेव्हा फळ्यावर त्यांनी सगळ्यात वर लिहिलं: ज्याचं अंग स्वच्छ, त्याचं मन स्वच्छ. खरं बोलावं, दिलेला शब्द पाळावा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, ही मंडळी त्याच्या खाली.

हे रिमांड होम होतं स्टेशनापलीकडे, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात. साल अठ्ठावन्न. जिथे पूर्वी कापसाचे ढीग पडायचे तिथे आता पोरं झोपत. कुणी बाजारात खिसा कापलेला, कुणी घर सोडून गाडीत बसलेला, कुणी नुसताच भलत्या वेळी भलत्या ठिकाणी सापडलेला. त्यांच्यावर अधीक्षक होते इंद्रसिंग गिरासे. मिशी भरदार, आवाज त्याहून भरदार. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण पोरगं सुधारायचं म्हणजे आधी सोलायचं अशी त्यांची समजूत होती.

गुरुजींनी आल्या आल्या त्यांना सांगितलं होतं, "साहेब, छडी कपाटात ठेवा. मी शिकवतो. पोरं सुधरली नाहीत तर मी आपणहून बिस्तरा गुंडाळून ब्राह्मणपुरीला जाईन."

"जाशालच," इंद्रसिंग म्हणाले, पण छडी कपाटात ठेवली.

आणि गुरुजींची गाडी बरी चालली होती. त्याचं मोठं श्रेय जान्याला. जान्या हा पावरा आदिवासी पोरगा, धडगावच्याही वरच्या डोंगरातला, मिसरूड फुटायच्या बेतात आलेला. रस्त्याच्या कामावर टोळीबरोबर खाली विसरवाडीला आला होता. तिथे नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकातून टोळीतल्या मोठ्यांनी गूळ उतरवला, पोलिसाची शिटी वाजली आणि सगळे पांगले. जान्याही पळाला, पण पोटाशी धरलेली गुळाची भेली काही त्याला टाकवेना. भेली घेऊन माणूस किती पळणार? मोठे डोंगरात पोचले, जान्या इथे.

आला तेव्हा त्याला मराठीचा गंध नव्हता. बाजारात ऐकलेली अहिराणी तेवढी मोडकीतोडकी यायची. पण वर्षभरात पोरगं बाराखडी शिकलं, पाढे शिकलं, आणि मुख्य म्हणजे पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर हजर राहू लागलं. गुरुजी आल्यागेल्याला त्याचं उदाहरण देत. नव्या पोरांना म्हणत, "जान्याकडे बघा. काय होता, काय झाला!"

माघ सरला आणि धुळ्याहून समिती येणार असल्याची वर्दी आली. मॅजिस्ट्रेट साहेब स्वतः येणार होते. ज्यांची वर्तणूक चांगली त्यांना घरी सोडायचं, ज्यांची वाईट त्यांना घाटावरच्या मोठ्या शाळेत धाडायचं. तिथे एकदा गेलं की अठराव्या वर्षापर्यंत सुटका नाही, हे शेंबडं पोरही जाणून होतं. जान्याची सुटका तर गुरुजींनी धरूनच ठेवली होती. धडगावच्या कचेरीमार्फत त्याच्या आईला निरोपही गेला.

नेमकं त्याच वेळी पोराला काय झालं कोण जाणे, त्यानं आंघोळ बंद केली.

पहिल्या दिवशी गुरुजींना वाटलं, अंग कसकसत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी रागावून बघितलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी त्याला वर्गात उभा केला आणि फळ्यावरचं पहिलं वाक्य वाचायला लावलं. जान्यानं ते खणखणीत वाचलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा विहिरीपासून लांब, कडुनिंबाखाली, हाताची घडी घालून उभा राहिला. अंगावर धुळीची पुटं, केसांत कचरा. बाकीची पोरं नाकं दाबून हसू लागली.

"कोडगा व्हई ग्या," इंद्रसिंग म्हणाले. "गुरुजी, तुमचा हिरा बघा. उघडू का कपाट?"

"नको साहेब. शिक्षा करू, पण मारायचं नको."

मग शिक्षा सुरू झाल्या. एका शेटजींनी होमला झोपायला बाजा दान दिल्या होत्या आणि त्या बाजांचा इंद्रसिंगांना भारी अभिमान होता. त्यांनी जान्याची बाज काढून घेतली. म्हणाले, झोप आता जमिनीवर. जान्यानं मान डोलावली आणि इतक्या आनंदानं भुईवर आडवा झाला, की इंद्रसिंग बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायातल्या चपला काढून घेतल्या. पोरानं त्या स्वतः आणून दिल्या, वर पुसूनबिसून. वर्गात बाकावरून उठवून त्याला खाली बसवलं तर गडी ऐसपैस मांडी घालून बसला.

तेव्हा गुरुजींचंही डोकं फिरलं. स्वच्छ पोरांच्या पंगतीत घाणेरड्यानं बसायचं नाही, असं त्यांनी फर्मावलं. आपलं पीठ घे, आपली चूल मांड, आपली भाकर आपण थापून खा. ही शिक्षा ऐकून तर जान्याचा चेहरा असा खुलला, की जणू त्याचं लग्न ठरलं. आवाराच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून तो भाकरी भाजू लागला आणि भाजता भाजता गुणगुणू लागला.

गुरुजींना आयुष्यात एवढा अपमान कधी वाटला नव्हता. त्यांनी ज्याच्या नावानं शाबासकी घेतली तोच पोरगा त्यांच्या तोंडावर हसत होता, असं त्यांना वाटलं. रात्री जेवताना त्यांनी बायकोपुढे, सिंधुबाईपुढे, सगळं गाऱ्हाणं ओतलं. चार दिवसांवर समिती आलेली. पोरगा असाच उभा राहिला तर घाटावर गेलाच म्हणून समजायचं, आणि आपण ब्राह्मणपुरीला.

"आपलं सोडा," सिंधुबाई म्हणाली. "तेनी माय व्हई ना तठे, वाट देखणारी?"

त्यावर गुरुजींनी हातातला घास ताटात परत ठेवला.

समितीचा दिवस उजाडला. आवार झाडून लख्ख केलं होतं, पोरं धुऊन रांगेत उभी होती. मागच्या खेपेला समितीनं पोरांच्या अस्वच्छतेवरून इंद्रसिंगांना चार शब्द सुनावले होते. ते त्यांच्या मिशीला अजून झोंबत होते. त्यांनी शिपायाला, धुडकूला, हाक मारली.

"धुडकू, धर त्याला. गुरुजी, तुम्ही पाणी ओता. समिती यायच्या आत मला हा पोरगा ओला दिसला पाहिजे."

गुरुजींनाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? त्यांना हायसं वाटलं. दोन बादल्यांत पोराचं नशीब धुऊन निघत असेल तर काय वाईट, असा विचार करून त्यांनी स्वतः रहाट ओढला आणि बादली भरली. धुडकूनं जान्याचे दंड पकडले. वर्षभरात हे पोरगं कधी रडलं नव्हतं, कधी हिसके मारले नव्हते. बादली उचललेली बघितली आणि त्यानं असा टाहो फोडला, की रांगेतली पोरं दचकली. धुडकूच्या हातातून निसटून त्यानं गुरुजींच्या पायांना मिठी मारली.

"मारा गुरुजी! जितलं मारनं तितलं मारा. पन पानी नका टाका!"

"अरे, पण का?" गुरुजी ओरडले. मग त्यांचंही शाळेचं मराठी सुटलं. "पानीनं काय व्हस तुले?"

"मन्ही माय मरी जाई."

गुरुजींच्या हातात बादली तशीच राहिली. धुडकूनं तोंड उघडलं ते मिटेना. गुरुजींनी बादली हळूच खाली ठेवली, पोराला उठवलं, निंबाखाली नेलं आणि समोर उकिडवं बसून म्हणाले, "सांग."

जान्यानं हुंदके देत देत सांगितलं. काही अहिराणीत, काही त्याच्या बोलीत, उरलेलं हातांनी. तो लहान असताना त्याची आई आजारी पडली होती. अंग सुजलं, शुद्ध हरपली, लोकांनी आशा सोडली. तेव्हा बाप होळीमातेला नवस बोलला, ही वाचली तर माझा पोरगा पाच होळ्या बुध्या होऊन नाचेल. बुध्या म्हणजे अंगभर राख फासून, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून होळीभोवती नाचणारा. आई वाचली. बाप पुढे वारला, नवस मात्र पोराच्या अंगावर राहिला. चार होळ्या झाल्या होत्या. ही पाचवी.

आणि ज्याला बुध्या व्हायचं त्याला होळीच्या आधीपासून पालनी पाळावी लागते. पालनी म्हणजे बंधनं. पाणी अंगावर घ्यायचं नाही. बाजेवर निजायचं नाही, उंच बसायचं नाही. पायात काही घालायचं नाही. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, आपलं आपण शिजवायचं. बाईमाणसाला शिवायचं नाही. भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. जान्या आवारातून रोज रात्री चंद्र बघत होता. चंद्र वाढायला लागला तशी त्यानं पालनी धरली, इथे जितकी जमेल तितकी.

गुरुजी एकेक बंधन ऐकत होते आणि त्यांना एकेक शिक्षा आठवत होती. बाज, चपला, बाक, चूल. धुडकूला हसू आवरेना. "आपीनच तेनी पालनी करी दिन्ही, गुरुजी!" तो म्हणाला. गुरुजींना मात्र हसू येईना. आपण इतके दिवस या पोराच्या अंगाची धूळ बघत बसलो आणि आपल्या तोंडून एक साधा प्रश्न निघाला नाही, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

"मले पहिलेच का नही सांगं रे?"

"कोनी इचारंच नही," जान्या डोळे पुसत म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी जीपचा आवाज आला. गुरुजींचं डोकं भराभर चालू लागलं. समितीला नवस कळणार नाही. कळला तरी पटणार नाही. ते जान्याच्या कानाशी वाकले. "हे देख, तू सांग का मले ताप येल शे. डॉक्टरनं आंघोळ नको सांगं. बाकी मी देखी लेसू."

जान्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की जणू गुरुजींनाच ताप आला होता.

"पालनीमा खोटं चालत नही, गुरुजी," तो म्हणाला. थोडं थांबून, अगदी अदबीनं, त्यानं जोडलं, "आनि तुम्हीच लिखेल शे ना फळावर."

फळ्यावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. गुरुजींचे कान तापले. त्यांनी धोतर झटकलं आणि ते ऑफिसकडे चालू लागले.

वाटेत इंद्रसिंगांनी त्यांना गाठलं. "भिजवला?"

"नाही साहेब. त्याचा होळीचा नवस आहे."

"नवस डोंगरात! हे सरकारचं घर शे, गुरुजी. मी समितीला काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो."

"आणि तुमच्या सांगण्यानं पोरगा घाटावर गेला, तर?"

गुरुजी ऑफिसची पायरी चढले.

ऑफिसात मॅजिस्ट्रेट साहेब बसले होते आणि शेजारी समितीच्या सभासद पार्वतीबाई. साहेब बारीक चणीचे, थकल्या डोळ्यांचे. पोरं एकामागून एक आत जात होती, बाहेर येत होती. जान्या आत आला तसा पार्वतीबाईंनी पदर नाकाला लावला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा कोण? आणि हा असा का?"

इंद्रसिंगांनी घसा खाकरला. "साहेब, वर्षभर ठीक होता. आता आठवडाभर आंघोळ करत नाही. सगळ्या शिक्षा केल्या. ऐकत नाही."

"गुरुजी, तुम्ही याला सदाचार शिकवता ना?"

"मी शिकवतो," हिंमतराव म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडून धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर पडलं. नवस, पाच होळ्या, पालनी, आपण केलेल्या शिक्षा, विहिरीवरची बादली, सगळं. आपण त्याला खोटं बोलायला सांगितलं आणि त्यानं नकार दिला, हेही. ते सांगायची काही गरज नव्हती. इंद्रसिंगांनी तर डोळेच मिटले. "साहेब," शेवटी गुरुजी म्हणाले, "मी त्याला शब्द पाळायला शिकवत होतो. तो तर आधीपासून पाळत होता. मला दिसलं नाही. त्याची वर्तणूक वाईट असेल तर ती माझी समजा."

साहेबांनी जान्याला जवळ बोलावलं, वासाची पर्वा न करता.

"तुझ्यावर इथे पहारा कोण ठेवत होतं? पालनी पाळतोस की नाही, ते बघायला?"

जान्याला प्रश्नच कळेना. गुरुजींनी तो अहिराणीत सांगितला.

"कोनी नही," जान्या म्हणाला.

"मग रात्री गुपचूप दुसऱ्या कुणाच्या बाजेवर झोपला असतास. कुणाला कळलं असतं?"

"मले."

पार्वतीबाईंचा पदर नाकावरून खाली आला.

"आणि समज, मी तुला होळीला घरी सोडलं नाही. मग काय करशील?"

गुरुजी जान्याकडे बघू लागले. पोरगं आता रडेल, पाया पडेल, की चिडेल? जान्या क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिला.

"तठे नाचसू नही तं नवस अपुरा राही," तो म्हणाला. "पन पालनी आठेच पाळसू. जितली व्हई तितली."

मॅजिस्ट्रेट साहेब पार्वतीबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, माझ्या कोर्टात रोज शिकलेसवरलेले लोक येतात. आंघोळ केलेले, गंध लावलेले. देवाची शपथ घेतात आणि पिंजऱ्यातून उतरायच्या आत ती मोडतात. वीस वर्षं मी हेच ऐकतोय." त्यांनी टाक उचलला. "सोडा याला. आजच सोडा, म्हणजे होळीला पोचेल."

हिंमतराव गुरुजींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं. इंद्रसिंगांनी कपाळावरचा घाम पुसला. समितीनं आपल्याला काही सुनावलं नाही हे ध्यानात आल्यावर त्यांचा आवाज पुन्हा भरदार झाला. "धुडकू! साहेबांना चहा! आणि या पोऱ्याच्या चपला दे... नको, ऱ्हाऊ दे. तशाच पिशवीमा घाल."

जान्याचं बोचकं ते काय असणार? एक सदरा, एक पाटी आणि पिशवीतल्या चपला. गुरुजी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. बाहेर बाभळीच्या सावलीत त्याची आई बसली होती. शहाद्यापर्यंत डोंगर उतरून चालत, पुढे कुणाच्या तरी बैलगाडीतून, आदल्या संध्याकाळीच ती येऊन पोचली होती. काळी, काटक बाई, मनगटांत चांदीचे जाड वाकळे, पाय धुळीनं माखलेले. पोराला बघून ती ताडकन उठली आणि धावत पुढे आली.

पण चार हातांवर येऊन थबकली. तिचे दोन्ही हात पुढे झाले होते, ते तिनं मागे घेतले आणि पदरात गुंडाळले. जान्याही जागच्या जागी उभा राहिला. वर्षभरानं भेटलेली मायलेकरं नुसती एकमेकांकडे बघत होती.

गुरुजींना राहवेना. "अवं माय, ले ना पोऱ्याले जवळ! सोडी दिन्हा तेले!"

जान्या त्यांच्याकडे वळून म्हणाला, "होळी व्हई जाऊ दे, गुरुजी. मंग."

आई त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होती. केसांतला कचरा, गालांवर वाळलेली धूळ, अनवाणी पाय. मग तिनं घाबऱ्या घाबऱ्या काहीतरी विचारलं. गुरुजींना तिची बोली समजली नाही, पण ती विचारतेय ते आपल्यालाच, एवढं समजलं.

"काय म्हनस ती?"

"माय म्हनस," जान्या म्हणाला, "आठे सरकारना घरमा पोरेसले जबरी आंघोळ घालतस, आसं गावमा कोनी सांगं तिले. तव्हापासून ती भाकर खात नही. इचारस, मन्हावर कोनी पानी टाकं का?"

रहाटाचा दोर ओढून लाल झालेला तळहात गुरुजींनी नकळत धोतराला पुसला. मग ते दोन पावलं पुढे गेले आणि तिला समजेल अशा सावकाश शब्दांत, मान हलवून हलवून म्हणाले, "नही माय. कोनीच नही. एक थेंब नही."

ती बाई तिथेच, भर रस्त्यात, धुळीत बसली आणि तोंडावर पदर घेऊन मोठ्यानं रडू लागली. जान्या चार हातांवर उभा राहून तिचं रडणं संपायची वाट बघत राहिला.